कल्याणचा बिशप आणि त्याची हरवलेली माणसं

दर्यावर्दी:

भारतातला ख्रिस्ती धर्म म्हटलं की बहुतेकांना पोर्तुगीज गलबतं आठवतात. १४९८ ला वास्को द गामा, मग गोवा, मग वसई. पण इ.स. ५५० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की मिरी पिकते त्या 'माले' प्रदेशात ख्रिस्ती लोक आहेत, सिंहलद्वीपात पर्शियन ख्रिस्त्यांचं चर्च आहे, आणि 'कल्लियाना' बंदरात एक बिशप आहे, ज्याची नेमणूक पर्शियातून होते. उत्तर कोकणात शिलाहार राज्य करू लागले त्याच्याही अडीचशे वर्षं आधीची ही गोष्ट.

बिशप नेमतात म्हणजे चार प्रवासी तात्पुरते उतरले होते असं नाही. पाद्री, पूजा, लग्नं, दफनं, वर्गणी, असा संसार असलेला समाज तिथे असणार. केरळातले सुरियानी, म्हणजे सीरियन भाषेतल्या उपासनेची परंपरा असलेले ख्रिस्ती आजही लाखोंच्या संख्येने आहेत आणि आपली परंपरा पहिल्या शतकापर्यंत नेतात. मग कल्याणच्या त्या बिशपची माणसं कुठे गेली? मारली गेली, निघून गेली, की हळूहळू आपल्यातच मिसळली?

मला वाटतं, हा धर्म आपल्या किनाऱ्यावर तलवारीने आला नाही आणि मोठ्या प्रचारकांच्या भाषणांनीही नाही. तो व्यापारी जहाजांतून आला, आणि जिथे त्याला स्थानिक राजाने जमीन आणि मान दिला तिथेच टिकला. पण हे माझं मत झालं. तुमचं वाचन, ऐकीव, पाहिलेलं, सगळं येऊ द्या.

ग्रंथकीटक:

वाचनखूण साठवली. कल्याणला बिशप होता हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.

शंकासूर:

विषय चांगला, पण पायाच तपासूया. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याणच कशावरून? उडुपीजवळचं कल्याणपूरही सुचवलं गेलंय. नावसाधर्म्यावर एवढा इमला नको.

दर्यावर्दी:

@शंकासूर, रास्त प्रश्न. कॉस्मस बंदरांची यादी देतो ती अशी: सिंधू, ओर्रोथा, कल्लियाना, सिबोर, आणि मग मालेची पाच बंदरं, त्यांत मंगरूथ म्हणजे मंगळूर. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते. कल्लियाना मालेच्या बाहेर आणि मंगळूरच्या बरंच आधी येतं. उडुपी मंगळूरच्या इतकं जवळ आहे की ते यादीत असं वेगळं पडलं नसतं. सिबोर म्हणजे चौल असं बरेच अभ्यासक मानतात. शिवाय कल्लियानाहून तांबं, लाकूड आणि कापड निर्यात होतं असं तो सांगतो. मिरीचं नाव नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत, म्हणजे पेठ जुनी आणि श्रीमंत. माझा कौल आपल्या कल्याणलाच.

शंकासूर:

यादीचा मुद्दा पटण्यासारखा आहे. 'बहुधा' एवढं मान्य. 'नक्की' नाही.

कोट्टयमची सून:

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन कोट्टयमला आले, म्हणून या धाग्यावर लिहायलाच हवं. आमच्या घरात कुणालाही विचारा, उत्तर एकच. संत थॉमस, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, इ.स. ५२ मध्ये मुझिरिसला, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरला उतरला. त्याने सात चर्चं स्थापली: कोडुंगल्लूर, पालयूर, परवूर, कोक्कमंगलम, निरणम, कोल्लम आणि निलक्कल. आणि ७२ मध्ये मैलापूरला त्याला हौतात्म्य आलं. सासरेबुवा हे इतक्या शांतपणे सांगतात की वाद घालावासा वाटत नाही.

पण मला जास्त बोलकं वाटतं ते रोजचं जगणं. लग्नात नवरा मुलीच्या गळ्यात मिन्नू बांधतो. पिंपळपानाच्या आकाराचं सोन्याचं छोटं पदक, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. तो ज्या दोऱ्यात ओवतात तो नवरीला दिलेल्या मंत्रकोडी साडीतूनच काढलेल्या सात धाग्यांचा असतो. पवित्र गुरुवारी रात्री तांदूळ-उडदाची पेसहा अप्पम करतात, घरातला वडीलधारा ती कापून सगळ्यांना देतो, सोबत नारळाचं दूध आणि गूळ. चर्चमध्ये समई तेवत असते. कोट्टयमच्या वलियपळ्ळी चर्चमध्ये पहलवी, म्हणजे जुन्या पर्शियन लिपीत कोरलेला दगडी क्रूस आहे, तो मी स्वतः पाहिलाय. बाहेरून लादलेला धर्म घरात असा मुरत नाही हो.

नाणेवाला:

सूनबाईंचा प्रतिसाद फारच आवडला.

थॉमसबद्दल एक गोष्ट सांगतो. त्याच्या भारतयात्रेची सर्वांत जुनी सविस्तर कथा 'थॉमसची कृत्ये' या सीरियन भाषेतल्या ग्रंथात आहे, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, बहुधा एडेसा शहरातला. त्यात थॉमसला भारतात यायचं नसतं. तेव्हा खुद्द येशूच त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो. हब्बान आपल्या गुंदफर राजासाठी वाडा बांधणारा कारागीर शोधत असतो. राजा वाड्यासाठी पैसे देतो, थॉमस ते सगळे गरिबांना वाटून टाकतो आणि सांगतो, तुझा वाडा स्वर्गात उभा राहिलाय.

आता गंमत अशी, की हा राजा कित्येक शतकं कल्पित समजला जात होता. एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीकडे त्याची नाणी मिळू लागली: गोंडोफेरिस, इंडो-पार्थियन राजा. तख्त-ए-बाहीच्या शिलालेखात त्याच्या राज्याचं २६ वं वर्ष आहे आणि तो लेख पहिल्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा मानतात. काळ थॉमसशी अगदी जुळतो. माझ्याकडे त्याचं एक तांब्याचं नाणं आहे. हातात घेतलं की ही कथा रचणाऱ्याला भारताची खरी बातमी कुठून तरी पोचत होती हे जाणवतं.

शंकासूर:

@नाणेवाला, हेच मी लिहिणार होतो, पण निष्कर्ष उलटा. कथेतला राजा पेशावर-तक्षशिलेकडचा. मग थॉमस मुझिरिसला कसा? ग्रंथात केरळचं नाव नाही. खऱ्या राजाचं नाव आलं म्हणून कथा खरी ठरत नाही. एडेसाच्या लेखकाला व्यापाऱ्यांकडून ते नाव कळलेलं असू शकतं.

आणि पहिल्या शतकात नंबूद्री घराण्यांनी धर्मांतर केलं हा केरळातला लाडका दावा तर मुळीच टिकत नाही. केरळात ब्राह्मण वसाहती ठळकपणे दिसतात त्या त्यानंतर काही शतकांनी.

कोट्टयमची सून:

@शंकासूर, नंबूद्रींबद्दल सहमत, तो दावा मलाही प्रतिष्ठेसाठी जोडलेला वाटतो. पण थॉमस मुझिरिसला 'येऊ शकला असता का' याचं उत्तर हो असंच आहे. येण्याची सोय होती. बाकी श्रद्धा.

मिरीवाला:

सोय किती होती ते सांगतो, हा माझा आवडीचा प्रांत आहे.

पहिल्या शतकात नैऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन थेट समुद्र ओलांडण्याचं तंत्र ग्रीक-रोमन खलाशांना अवगत होतं. रोमन लेखक प्लिनी लिहितो की तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ओसेलिसहून निघालं की ४० दिवसांत मुझिरिस. उन्हाळ्यात इजिप्त सोडायचं, मिरी भरायची, ईशान्य वारे सुरू झाले की परत. व्हिएन्नात दुसऱ्या शतकातला एक पपायरस आहे, मुझिरिसच्या मालावर घेतलेल्या कर्जाचा करार. 'हर्मापोलोन' या जहाजावरच्या मालाची यादीही त्यावर आहे. म्हणजे सावकार, तारण, जकात, सगळं बसवलेलं होतं. कोडुंगल्लूरजवळ पट्टणमला २००७ पासून उत्खनन झालं, त्यात भूमध्य समुद्राकडचे दारूचे कुंभ ढिगाने निघाले.

अशा मार्गावर धर्म यायला कुणी मुद्दाम पाठवावा लागत नाही. खलाशी, तांडेल, हिशेबनीस, त्यांतले काही ज्यू, काही ख्रिस्ती. वारा उलटेपर्यंत महिनोन्‌महिने बंदरात मुक्काम. काही जण तिथेच लग्न करून राहणार. माझ्या मते पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट एवढी साधी असावी.

डोंबिवली फास्ट:

४० दिवसांत तांबड्या समुद्राच्या दारातून केरळ! आणि कल्याणच्या बिशपसाहेबांना खाडीतून थेट घरापर्यंत होडी. आमच्या वाट्याला मात्र चौथी सीट.

(थट्टा बाजूला. धागा जबरदस्त चाललाय, लिहीत राहा.)

पूर्वेचा वारा:

सगळे थॉमसभोवती फिरताहेत आणि मूळ धाग्यातली कळीची गोष्ट सुटतेय. बिशप *पर्शियातून* का? रोम का नाही, अलेक्झांड्रिया का नाही?

तिसऱ्या शतकापासून सासानी साम्राज्यात, आजच्या इराक-इराणात, ख्रिस्त्यांची मोठी वस्ती होती. त्यांची पूजेची भाषा सीरियन, मुख्य पीठ टायग्रिसकाठी सेल्युकिया-टेसिफोनला. चौथ्या शतकात रोमचे सम्राट ख्रिस्ती झाले आणि पर्शियातल्या ख्रिस्त्यांवर संकट आलं, कारण आता ते शत्रूचे धर्मबंधू ठरले. सासानी सम्राट दुसऱ्या शापूरने ३४० च्या सुमारास भयंकर छळ सुरू केला. पुढे ४१० मध्ये त्यांची पहिली मोठी धर्मसभा भरली, आणि ४२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आम्ही पश्चिमेकडच्या कुणाच्याही अधीन नाही. हे पूर्वेचं चर्च. इथून ते मर्व, समरकंद आणि ६३५ मध्ये चीनच्या राजधानीपर्यंत गेलं. शिआनचा ७८१ चा शिलास्तंभ त्याची साक्ष देतो.

समुद्राची बाजू सांभाळायचं फार्स प्रांतातलं रेव-अर्दशीरचं पीठ. इराणच्या आखातातून भारताकडे जाणारा व्यापार त्याच किनाऱ्यावरून व्हायचा, म्हणून भारताचे बिशपही तिथून. केरळात कनाई थोमा नावाच्या व्यापाऱ्याची परंपरा आहे: ३४५ मध्ये तो ७२ कुटुंबं घेऊन आला. काही अभ्यासक त्याला आठव्या-नवव्या शतकात आणतात. पण ३४५ हे साल शापूरच्या छळाच्या ऐन मध्यात येतं, आणि जीव वाचवायला निघालेली माणसं ओळखीच्या व्यापारी मार्गानेच जातात. मला हे साल अशक्य वाटत नाही.

आता कल्याणसाठी महत्त्वाचं. सातव्या शतकाच्या मध्यात रेव-अर्दशीरने मुख्य पीठाविरुद्ध बंड केलं. तेव्हाचे मुख्य धर्मगुरू तिसरे ईशोयाब (६४९ ते ६५९) यांचं तिथल्या सिमोनला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात ते रागावून लिहितात की तुमच्या हट्टामुळे भारतातल्या लोकांची बिशपांची परंपरा तुटली. म्हणजे बिशप येत नव्हते! आणि बिशप नाही तर नवे पाद्री नाहीत, कारण पाद्र्याला दीक्षा बिशपच देऊ शकतो. कॉस्मसने कल्याणची नोंद केल्यावर जेमतेम शंभर वर्षांतली ही गोष्ट.

दर्यावर्दी:

@पूर्वेचा वारा, मनापासून आभार. हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा.

पण बिशप तर केरळलाही मिळत नव्हते. ते तगले आणि कोकण नाही, याचं माझ्या मते कारण ताम्रपटांत आहे. ८४९ मध्ये वेणाडच्या अय्यन अडिगळ या चेरांच्या मांडलिक राजाने कोल्लमच्या तरिसापळ्ळीला, म्हणजे मार सापीर ईशो याने बांधलेल्या चर्चला, दान दिलं. चेर राजा स्थाणू रवीच्या पाचव्या वर्षी. जमीन दिली, करमाफी दिली, गावातल्या वजनमापांवर देखरेखीचा हक्क दिला, अंजुवण्णम आणि मणिग्रामम या व्यापारी श्रेणींना संरक्षक नेमलं. साक्षीदारांच्या सह्या पाहा: कूफी लिपीत अरबी, पहलवी, आणि हिब्रू लिपीत फारसी. एका हिंदू राजाने ख्रिस्ती चर्चला दिलेल्या दानाला मुसलमान, ज्यू, पारशी धर्माचे व्यापारी साक्षीला उभे! मला हा भारतातला सर्वांत सुंदर दस्तऐवज वाटतो, आणि तो शाळेत शिकवत नाहीत याचं खरंच वाईट वाटतं.

मुळापासून:

सुंदर म्हणताना त्या ताम्रपटाचं पुढचं वाक्यही वाचा. चर्चला जमिनीबरोबर माणसंही दिली आहेत. ईळव कुटुंबं, धोब्याचं कुटुंब, कामकऱ्यांचा हक्क. राबणारे हात दानात गेले.

मला म्हणायचंय ते असं: केरळातला ख्रिस्ती धर्म टिकला कारण तो एक जात बनून राहिला. राजदरबारात मान, मिरीच्या व्यापारात वाटा, सोवळं-ओवळं पाळणारा, आणि खालच्या माणसांना सहसा आत न घेणारा. प्रसार थांबवला म्हणून तगला. किनाऱ्यावरच्या कोळ्यांपर्यंत, मुक्कुवरांपर्यंत ख्रिस्ती धर्म मोठ्या प्रमाणावर पोचला तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. त्याआधीच्या कैक शतकांत शेजारच्या सुरियानींना ते दिसत नव्हते का?

धर्म कसा पसरला याचा आनंद जरूर घ्या, पण कुठे पसरला *नाही* हेही विचारा.

कोट्टयमची सून:

@मुळापासून, कटू आहे पण खरं आहे. आजही केरळात लग्नाच्या जाहिरातीत 'सुरियानी' लिहितात ते उगाच नाही. दलित ख्रिस्त्यांची वेगळी चर्चं, वेगळी दफनभूमी हे मी पाहिलंय, आणि ते पाहून जीव तुटतो. फक्त एक सांगते. तगण्याचं एकच कारण नव्हतं. बिशप येत नसे तेव्हा समाजाचा कारभार स्थानिक घराण्यातला अर्काडियाकॉन पाहायचा. तो इथलाच, मल्याळी, राजाला ओळखणारा. परक्या बिशपवाचून समाज चालवायची रीत यांनी बसवली होती. कल्याणला असं कुणी असेल असं वाटत नाही.

वसईचा वारस:

आमच्याकडची बाजू मांडतो. मी वसईतला कुपारी ख्रिस्ती. आमच्याकडे काही जण अभिमानाने म्हणतात की येशूचा शिष्य संत बार्थोलोम्यू स्वतः कल्याणला आला होता. आधार काय, तर चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो की दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा पँटीनस भारतात गेला, तिथे त्याला हिब्रू अक्षरांतलं मत्तयाचं शुभवर्तमान मिळालं, आणि ते बार्थोलोम्यूने तिथे ठेवलं होतं. पण त्या काळी 'भारत' म्हणून अरबस्तानाचा दक्षिण भाग किंवा इथिओपियाही सांगत. कल्याणचं नाव तिथे नाही. एवढ्यावर वंशावळ उभी करायला माझं मन होत नाही.

आमच्या समाजाचं धर्मांतर पोर्तुगीज काळातलं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतरचं. कल्याणच्या बिशपची माणसं आमचे पूर्वज होती असं म्हणायला पुरावा नाही. आणि त्यात कमीपणा काही नाही. आमची भाषा, आमची वाडी, आमची गाणी, आमचा देव, सगळं आमचंच आहे.

हं, १३२१ ची ठाण्याची हकीकत मात्र इथे यायलाच हवी. कुणीतरी नीट लिहा.

मासुंदाकाठ:

लिहितो. त्या साली जोर्दानुस हा फ्रेंच डॉमिनिकन आणि चार फ्रान्सिस्कन साधू केरळात कोल्लमला निघाले होते, पण जहाज ठाण्याला लागलं. चौघांची नावं: तोलेंतिनोचा थॉमस, पाद्वाचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री. ते ठाण्यात एका *पूर्वेच्या चर्चच्या* ख्रिस्ती कुटुंबात उतरले. जोर्दानुस सोपाऱ्याकडे गेला असताना त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, बाईला मारहाण झाली, ती काझीकडे गेली. साक्षीदार म्हणून या साधूंना बोलावलं. तिथे धर्मावर वाद पेटला, पैगंबरांबद्दल विचारलं गेलं, त्यांनी दिलेलं उत्तर सहन झालं नाही आणि चौघे मारले गेले. जोर्दानुसने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. थोड्याच काळात ओडोरिक नावाचा साधू आला आणि त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. ओडोरिकच्या मते दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या त्या अंमलदारालाच पुढे मृत्युदंड दिला.

पण या धाग्यासाठी मोलाचं वाक्य वेगळं आहे. ओडोरिक लिहितो, ठाण्यात या ख्रिस्त्यांची १५ घरं आहेत. कॉस्मसनंतर पावणेआठशे वर्षांनी, कल्याणच्या त्याच खाडीवर, १५ घरं शिल्लक!

दर्यावर्दी:

अंगावर काटा आला. म्हणजे ते 'हरवले' म्हणतो ते १३२१ नंतर कधीतरी.

आगशीकर:

गोव्यातून एक भर. २००१ मध्ये आगशीला, झुआरीच्या काठाजवळ, पहलवी लेख असलेला क्रूस मिळाला. कोट्टयम, मुट्टुचिरा, कदमट्टम आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहेत त्याच जातीचा. पोर्तुगीजांच्या आधी गोव्यातही पर्शियन ख्रिस्ती व्यापाऱ्यांचा वावर असावा असं त्यावरून म्हणता येतं.

सह्याद्रीची वाट:

थोडं अवांतर. हा व्यवहार एकेरी नव्हता. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वगैरे लोकांची नावं आहेत, दान बौद्ध संघाला. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली. आणि कान्हेरीत १००९ आणि १०२१ मधले पहलवी लेख आहेत, भेटीला आलेल्या पारशांनी कोरलेले. हे किनारे सगळ्यांना सवयीचे होते. तेव्हा एका धर्माच्या १५ घरांचं आश्चर्य नको, ती उरली कशी आणि संपली कशी हाच प्रश्न बरोबर.

मिरीवाला:

संपण्यामागे व्यापारच असावा. सासानी साम्राज्य पडल्यावर आखाताचा व्यापार हळूहळू मुसलमान व्यापाऱ्यांकडे गेला. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथे १०,००० मुसलमान राहत होते असं तो सांगतो. चिंचणीच्या ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी अरब आहे, आणि त्याच्याच काळात तिथे मठाला दान दिलं जातं. म्हणजे कोकणातले राजेही परक्या व्यापाऱ्यांना केरळासारखाच मान देत होते. फक्त तो मान ख्रिस्त्यांच्या वाट्याला आला नाही, कारण तोवर त्यांचा व्यापार गेलेला.

शंकासूर:

आता मूळ प्रश्नावर माझं उत्तर देतो.

जोर्दानुसने आपल्या वृत्तांतात सिंधपासून खाली पसरलेल्या 'लहान भारताबद्दल' लिहिलंय: इथे विखुरलेले काही लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांना बाप्तिस्मा नाही, धर्माची माहिती नाही, ते संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात. तो कडवा रोमन पाद्री होता, तेव्हा त्याच्या शब्दांतून थोडं वजा करा. तरी चित्र दिसतं. सोकोत्रा बेटावरही असंच झालं. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर तिथे गेला तेव्हा ख्रिस्ती होते, पण त्यांचे पुजारी स्वतःला न समजणाऱ्या भाषेत प्रार्थना म्हणत होते. पुढे तो समाजही उरला नाही. वात संपत आली आणि तेल घालायला कुणी आलं नाही, एवढंच.

तेव्हा कल्याणच्या लोकांना कुणी मारलं असं मला वाटत नाही. पाद्री येईनासे झाले, बाप्तिस्मे थांबले, व्यापार गेल्यावर काही केरळकडे सरकले असतील, काही लग्नांमधून शेजाऱ्यांत मिसळले.

मुळापासून:

सहमत. आणि जमीन नव्हती हेही त्यात धरा. व्यापार गेला की बंदरावरचा माणूस जातो. शेत असलेला माणूस राहतो.

ग्रंथकीटक:

केरळात पुढे पोर्तुगीजांनी याच सुरियानी लोकांची पुस्तकं जाळली ना?

कोट्टयमची सून:

हो. १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेनंतर सीरियन ग्रंथ पाखंडी ठरवून जाळले गेले. किती हस्तलिखितं गेली कोण जाणे. १६५३ मध्ये मट्टांचेरीला हजारोंनी क्रूसाला दोर बांधून शपथ घेतली की आम्ही जेझुइट पाद्र्यांचं ऐकणार नाही. आमच्या घरात याबद्दल अजून आवाज चढतो. त्या ग्रंथांत कल्याणबद्दल, कोकणातल्या बिशपांबद्दल काही असेलही. तो तोटा फक्त केरळचा नाही, तुमचाही आहे.

वसईचा वारस:

@दर्यावर्दी, एवढं सगळं वाचून तुमचं मत बदललं का?

दर्यावर्दी:

मूळ मत तेच, पण जास्त नेमकं झालं. राजाचा मान हे एकटं कारण पुरत नाही; मिरीवाल्यांनी दाखवलं तसं कोकणचे राजेही उदार होते. तीन गोष्टी एकत्र लागतात असं आता वाटतं: जमीन, न आटणारा व्यापार, आणि बिशप आला नाही तरी समाज धरून ठेवणारा स्थानिक माणूस. केरळला तिन्ही मिळाल्या. कल्याणला बंदर होतं तोवर बिशप होता, आणि रेव-अर्दशीरचा दोर तुटल्यावर त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. शंकासूरांचं विरून जाण्याचं उत्तर मला सर्वांत जवळचं वाटतं. @मुळापासून यांनी विचारलेला प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये, त्यावर वेगळा धागा काढावा ही त्यांना विनंती.

शंकासूर:

आणि माझा 'बहुधा' चा 'नक्की' कशाने होईल? गोव्यात मिळाला तसा पहलवी क्रूस उत्तर कोकणात मिळाला तर. जुनं कल्याण आजच्या शहराखाली गेलंय, तिथे पद्धतशीर उत्खनन अवघड.

मासुंदाकाठ:

म्हणून ठाणे, कल्याण, नालासोपारा, चौल भागातल्या सगळ्यांना सांगणं: जुनी विहीर उपसताना, पाया खणताना, देवळाच्या पारावर किंवा चर्चच्या आवारात कोरीव दगड दिसला, विशेषतः कमानीतला क्रूस आणि कडेने वळणदार अक्षरं, तर तो हलवू नका, घासू नका, शेंदूर-चुना लावू देऊ नका. जागेवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. फोटो इथेही टाका, पहलवी वाचणाऱ्यांपर्यंत ते पोचवायची जबाबदारी माझी.